भोक नसलेलं पोस्टकार्ड

टीसींचं ते पत्र आम्ही पंचवीस वेळा तरी वाचलं असेल. बाई म्हणतात, नऊ वेळा. बाई गणिताच्या शिक्षिका होत्या आणि निवृत्त झाल्यावरही मोजायची खोड काही गेली नव्हती, त्यामुळे या हकिगतीत जिथे आकडा येईल तिथे माझा एक आणि त्यांचा एक असे दोन आकडे धरून चालावं. ज्याला जो पचेल तो त्याने घ्यावा. पण एक गोष्ट आम्हा दोघींनाही मान्य आहे. पत्र साधं होतं. शेंबड्या पोरालाही कळेल अशा मराठीत एका म्हाताऱ्या माणसाने मदत मागितली होती, आणि आम्ही तीन शहाणी माणसं त्याचा अर्थ लावत बसलो.

हे कसं झालं ते सांगायचं तर आधी ‘तिकडचं’ सांगायला हवं.

नव्वदच्या दशकात सात खंडांची एक कादंबरी निघाली होती. नाव सांगत नाही. ज्यांनी वाचली त्यांना सांगायची गरज नाही आणि ज्यांनी वाचली नाही त्यांच्यावर माझा अजून राग आहे. त्या कादंबरीतल्या मुलखाला आम्ही नुसतं ‘तिकडे’ म्हणायचो. तिकडे नद्या चढावर वाहायच्या. आठवडा नऊ दिवसांचा, आणि एकाही दिवसाचं नाव आपल्यासारखं नाही. सात किल्ले होते, दिवा जळतोय तोवर न झोपणारी एक राणी होती, परवाना पाहिल्याशिवाय मुंगीलाही आत न सोडणारा एकडोळ्या द्वारपाल होता, आणि वासावरून घाट ओळखणारा एक आंधळा नावाडी होता, जो कोणाला काही न विचारता पलीकडे न्यायचा. मी तेव्हा नाशिकला इंदिरानगरात घरी शिवणाचे क्लास घ्यायचे. ‘तिकडे’ गेले की इकडच्या ब्लाउजांच्या बाह्या उलट्या लागायच्या. एका बाईंना मी एकाच बाहीचा ब्लाउज दिला होता आणि त्यांनी तो वर्षभर फॅशन म्हणून घातला. खोटं सांगत नाही. थोडंच सांगते.

आमच्या भागातलं वाचनालय पिठाच्या गिरणीला लागून होतं. तिथलं प्रत्येक पुस्तक उघडलं की आधी शिंक यायची, मग मजकूर. चौथा खंड आला त्या दिवशी वाचनालयाबाहेर एवढी रांग लागली की शेवटचा माणूस वडाळा नाक्याला उभा होता. बाई म्हणतात, रांगेत आम्ही तिघंच होतो. असू दे. त्या रांगेत मी, बाई आणि मेडिकलवाले अशी ओळख झाली हे मात्र खरं. मेडिकलवाल्यांचं औषधाचं दुकान कोपऱ्यावर होतं. गिऱ्हाईक खोकून खोकून अर्धं झालं तरी हा माणूस पुस्तकातलं पान संपवूनच मान वर करायचा.

नांदगावच्या वाचनालयातून फिरत आलेला तो चौथा खंड आधी माझ्या हाती लागला, आणि त्यात मागच्या पुठ्ठ्याजवळ एक पोस्टकार्ड निघालं. वर नांदगावचा पत्ता. मजकूर असा, की सात पोती कांदा विंचूरच्या बाजारात नेला, तीन पोती सडली, उरलेल्या चारांवर मांजर बसलंय आणि ते डोळे मिटत नाही, तर त्याला उठवावं कसं? खाली एक ओळ: उत्तर आलं तर कळवा. आणि कार्डाच्या कोपऱ्यात एक गोल भोक. नीट, कातरल्यासारखं, तिकीट चेकर तिकिटाला पाडतो तसं.

मी दोन दिवस कांद्यांतच अडकले. मग एकदम लख्ख झालं. सात पोती म्हणजे सात किल्ले. तीन पडले, चार उरले. डोळे न मिटणारं मांजर म्हणजे राणी. तिला उठवायचं नाहीच, दिवा विझवायचा. ती आपोआप झोपते. ‘दिवा विझवा’ एवढंच लिहून कार्ड नांदगावला धाडलं. आठव्या दिवशी उलट कार्ड आलं: ‘बरोबर. पुढचं सोबत आहे. तुमचं एक पाठवा.’ कोपऱ्यात पुन्हा भोक.

रेल्वेतून तिकीट चेकर म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ होते ते. नांदगावात एकटेच राहायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. आम्ही त्यांना टीसी म्हणायला लागलो आणि तेही कार्डाखाली टीसी अशीच सही करायला लागले. तिकिटाला भोक पाडायचा कामावरचा पंच त्यांच्याकडेच राहिला होता. कसा राहिला ते मी विचारलं नाही, कारण विचारायची पद्धतच नव्हती. टीसींचे नियम होते. एक कोडं घ्यायचं तर एक द्यायचं. उत्तर पोस्टकार्डावरच. भेटायचं नाही, फोन करायचा नाही, आणि ‘म्हणजे काय?’ असं कधी म्हणजे कधीच विचारायचं नाही. ज्याने विचारलं तो विदाउट, म्हणजे बिनतिकिटाचा. त्याला खाली उतरवणार.

टीसींच्या कोड्यांची गंमत अशी, की ती कधी कोड्यासारखी दिसायचीच नाहीत. घरगुती खुशालीची पत्रं वाटायची. शेजारणीची गाय व्याली, छपराचे पत्रे उडाले, गुडघा धरलाय. आणि आत सगळं ‘तिकडचं’. पोस्टमन आमच्याकडे ही कार्डं द्यायला यायचा तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर दु:ख असायचं. पोस्टकार्ड सगळेच वाचतात. नांदगावच्या त्या बिचाऱ्या माणसावर देवाने किती संकटं घालावीत, असं तो एकदा मला म्हणाला, आणि पुढच्या खेपेला टीसींसाठी अंगारा घेऊन आला.

एकदा मीही फसले होते. ‘स्वयंपाकघरात गुडघाभर पाणी शिरलंय, चूल वाहून चालली’ असं कार्ड आलं. दिवस पावसाचे होते. टीसींच्या शेजारच्या किराणावाल्याचा फोन नंबर आमच्याकडे होता, अगदीच अडलं तर म्हणून त्यांनीच दिलेला. मी फोन लावला. किराणावाला बादली घेऊन धावत गेला, तर टीसी कोरड्या स्वयंपाकघरात भाकरी थापत बसलेले. पाणी म्हणजे चढावर वाहणारी नदी होती आणि चूल म्हणजे पाचवा किल्ला. चौथ्या दिवशी मला कार्ड आलं, त्यावर एकच शब्द: ‘विदाउट.’ आणि त्यानंतर दोन महिने काही नाही. ते दोन महिने आम्ही तिघांनी कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. मेडिकलवाले तर दुकानातल्या औषधांवरच्या सूचना उलट्यासुलट्या वाचून काही निघतं का बघत होते. तेव्हापासून आम्ही शपथ घेतली. काहीही आलं तरी फोन करायचा नाही.

आणि मग ते कार्ड आलं.

शुक्रवारी आलं. शब्द न् शब्द मला पाठ आहे:

‘मंडळी, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू फार पिकला आहे. उजवा पूर्वीच गेलेला. येत्या मंगळवारी सकाळी अकराला नाशिकला शरणपूर रस्त्यावरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं आहे. सोबत माणूस आणि त्याची सही असल्याशिवाय ते करत नाहीत. मला जवळचं कोणी नाही. तुमच्यापैकी एकाने यावं. डॉक्टर म्हणतात, ही वेळ चुकली तर डोळ्याची खात्री नाही. — टीसी.’

रविवारी आम्ही बाईंच्या गॅलरीत बसलो. बाईंनी पोहे केले होते. मी तीन बशा खाल्ल्या. इथे बाईंचा आकडाही तीनच आहे.

“एकडोळ्या,” मेडिकलवाले पहिल्याच घासाला म्हणाले. “द्वारपाल. हे फार सोपं दिलंय. म्हणजे खाली काहीतरी पुरलंय.”

बाईंनी मंगळवार धरला. तिकडे मंगळवार नाही. नऊ दिवसांत अकरावा प्रहर कुठे येतो त्याचं त्यांनी गणित मांडलं आणि ते सहाव्या खंडातल्या अमावास्येला जाऊन भिडलं. सही म्हणजे राजाचा शिक्का. दवाखाना म्हणजे घाट. मग मी माझा हुकमाचा पत्ता काढला. कार्डावरचं अक्षर एरवीच्या टीसींचं नव्हतं. एरवी मोत्यासारखं, हे मोठमोठं, आणि ओळी डावीकडून उजवीकडे वर वर चढत गेलेल्या.

“ओळी चढावर गेल्यात,” मी म्हटलं. “नद्या.”

दोघं माझ्याकडे असे बघायला लागले की मी अर्धा इंच उंच झाले. एक माणूस डोळ्याला दिसत नसताना चाचपडत चाचपडत कार्ड लिहितो, आणि त्याच्या वाकड्या ओळींतून मी नद्या काढते. आजही ती गॅलरी आठवली की मला पोह्यांचा ठसका लागतो.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट मेडिकलवाल्यांच्या ध्यानात आली. कार्डाला भोक नव्हतं. इतक्या कार्डांत पहिल्यांदाच. आम्ही ते उजेडात धरलं, चारही कोपरे बोटांनी तपासले. भोक नाही.

बाईंनी कार्ड खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “खरंच आजारी असले तर?”

हे त्या म्हणाल्या होत्या, हे मी इथे कबूल करते, कारण नंतर त्यांनी ते मला साधारण चारशे वेळा ऐकवलंय. पण मी त्यांना गुडघाभर पाण्याची आठवण करून दिली. दोन महिन्यांच्या उपासाची आठवण करून दिली. फोन केला आणि पुन्हा ‘विदाउट’ आलं तर? मेडिकलवाले माझ्या बाजूने. शेवटी बाईंनीच तोड काढली. भोक नाही म्हणजे द्वारपालाने परवाना पाहिलाच नाही. परवाना न बघता नेतो कोण? नावाडी. द्वारपालाने आपला उरलेला डोळा नावाड्याला दिला, हे उत्तर. आम्ही तिघं उठून उभे राहिलो. सहा महिन्यांतलं सर्वांत अवघड कोडं आम्ही एका सकाळीत फोडलं होतं. बाईंनी एका पोस्टकार्डावर अकरा मुद्द्यांत ते सिद्ध केलं, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, आणि सोमवारी सकाळी मी ते माझ्या हाताने पेटीत टाकलं.

मंगळवारी मी अस्तर आणि हुक आणायला मेन रोडला निघाले होते. सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाला जाणारी सिटी बस. कंडक्टरने तिकीट फाडलं, पंच केलं, हातात दिलं. मी सवयीने त्या भोकातून बाहेर बघितलं. लहानपणापासूनची खोड आहे, तिकिटाच्या भोकातून जग बघायची. त्या भोकात मला एक रसवंती दिसली, एक सायकलवाला दिसला, आणि मग काही दिसेनासं झालं, कारण डोळ्यांपुढे ते कार्ड आलं.

जन्मभर तिकिटं तपासलेला माणूस पंच करायला विसरत नाही. आणि फसवायला म्हणून पंच गाळतही नाही. पंच ही त्याची खूण होती, की मंडळी, हा खेळ आहे, बसा गाडीत. भोक नाही म्हणजे खेळ नाही. आपल्या खेळाला इतका प्रामाणिक माणूस, खरं लिहिताना त्याने पंच बाजूला ठेवला होता. आम्हाला कळेल अशी त्याची खात्री होती.

कंडक्टरला मी काय म्हणाले आठवत नाही. बस मुंबई नाक्याच्या अलीकडे थांबली आणि मी उतरले. बाई म्हणतात, थांब्यावर थांबली. मी म्हणते, माझा चेहरा बघून थांबली. पावणेअकरा झाले होते. पीसीओवरून मेडिकलवाल्यांना फोन लावला आणि एका दमात सांगितलं, ते पत्र पत्रच आहे, बाईंना घ्या आणि शरणपूर रस्त्याला या. तिकडून फोन ठेवल्याचा आवाज.

रिक्षावाल्याला मी म्हटलं, एका माणसाचा एकुलता एक डोळा चाललाय. तो रिक्षावालाही माझ्यासारखाच निघाला. त्याने रिक्षा अशी काढली की दोन वेळा आमची तीन चाकं तीन वेगवेगळ्या रस्त्यांवर होती. वाटेत मी जितके देव आठवतील तितक्यांना काही ना काही कबूल केलं. कालिकेला खण, नवश्या गणपतीला नारळ, आणि एका देवाला तर मी फुकट परकर शिवून देईन म्हणाले. तो देव होता, देवी नव्हे, हे मला वाटेतच आठवलं, पण बोललेला शब्द परत घेतला नाही.

दवाखान्यात बाकांवर पंधरावीस माणसं बसलेली. प्रत्येकाच्या डोळ्यांवर कापूस, नाहीतर हिरवा पट्टा. टीसींना मी जन्मात पाहिलेलं नव्हतं. कोणाला हाक मारू? दारातच उभी राहिले, आणि तेवढ्यात आवाज आला. खट्. थोड्या वेळाने पुन्हा, खट्. शेवटच्या बाकावर पांढरा सदरा घातलेले एक उंच, वाळके आजोबा मांडीवर पिशवी घेऊन ताठ बसले होते. उजवा डोळा मिटलेला, डाव्यात दुधाची साय. हातात पंच, आणि काहीही न धरता ते तो दाबत होते. खाली फरशीवर भोकं पाडायचं तेवढं बाकी होतं.

सिस्टर त्यांच्यासमोर उभ्या होत्या. “आजोबा, किती वाट बघायची? डॉक्टर आज दुपारीच परत जाणार. तुमच्या जागी मागच्याला घेते. तुम्ही पुढच्या महिन्यात या, माणूस घेऊन या.”

“येतील,” टीसी म्हणाले. “तिघं आहेत. जरा विचार करत बसणारी आहेत, एवढंच.”

मी पुढे झाले. त्यांनी मान माझ्या पावलांच्या आवाजाकडे वळवली.

“इंदिरानगर?”

“हो.”

“उशीर झाला.”

आता खरं सांगायची ती वेळ होती. अकरा मुद्द्यांचं कार्ड त्या घडीला नांदगावच्या वाटेवर होतं. पण त्या माणसाने एकट्याने, काही दिसत नसताना, पॅसेंजर गाडी पकडून, पायऱ्या मोजत इथपर्यंत येऊन आमची वाट बघितली होती. मी म्हटलं, “बस उशिरा मिळाली.”

त्यांनी मान हलवली. गाड्यांच्या उशिराबद्दल त्यांना मी नवीन काय सांगणार होते.

सिस्टरांनी कागद पुढे केला. नाव, पत्ता, नातं. नात्याच्या रकान्यापाशी माझा हात थांबला. ‘कोड्यांची देवाणघेवाण’ असा पर्याय तिथे नव्हता.

“भाची लिहा,” टीसी सिस्टरांना म्हणाले, आणि मग आवाज खाली आणून मला विचारलं, “चालेल ना?”

मी सही केली. आयुष्यात मी हजारो सह्या केल्या असतील, बाईंनी मोजल्या नाहीत म्हणून आकडा राहू द्या, पण तशी स्वच्छ सही पुन्हा जमली नाही. त्यांना आत नेताना त्यांनी पंच माझ्या हातात दिला.

मेडिकलवाले आणि बाई लुनावरून आले. बाईंची पासष्टी उलटलेली. त्या मागे आडव्या बसलेल्या, एका हाताने मेडिकलवाल्यांची कॉलर धरून. मेडिकलवाल्यांचा चेहरा निळा पडला होता, तो काळजीने की कॉलरमुळे ते कळलं नाही. आम्ही तिघं बाकावर बसलो. मेडिकलवाले मधेच म्हणाले, “मी रोज डोळ्यांची औषधं विकतो हो.” बाई भिंतीवरच्या फरशा मोजत होत्या. मी पंच दाबत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. दवाखान्यातल्या नेहमीच्या डॉक्टरांनी आम्हाला दारात उभं राहू दिलं. त्यांनी बोटं वर केली आणि विचारलं, किती? खोलीत इतकी शांतता झाली की बाहेरच्या रस्त्यावरचे हॉर्न लाजून बंद झाले.

“तीन,” टीसी म्हणाले.

तीनच होती. बाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्या म्हणतात, डोळ्यात कचरा गेला होता. डोळ्यांच्या दवाखान्यात कचरा. मेडिकलवाले खाली बसले, सरळ फरशीवरच. आणि माझ्या छातीवरून कोणीतरी पिठाच्या गिरणीचं जातं उचलून बाजूला ठेवलं असं वाटलं. टीसींनी आमच्याकडे एकेकाकडे नीट बघून घेतलं, पास तपासताना बघतात तसं, फोटो आणि माणूस एकच आहे ना याची खात्री करत.

“पत्रांवरून,” ते मला म्हणाले, “तुम्ही जरा उंच असाल असं वाटलं होतं.”

महिनाभर ते बाईंकडेच राहिले. मेडिकलवाले दिवसातून चार वेळा दुकान सोडून थेंब घालायला यायचे. वाचायला डॉक्टरांनी बंदी केली होती, म्हणून मी संध्याकाळी सहावा खंड मोठ्याने वाचायचे आणि राणीचे संवाद माझ्या पदरची दोन वाक्यं घालून म्हणायचे. ती वाक्यं टीसी बरोबर पकडायचे. तो महिना खरं म्हणजे सणासारखा गेला असता, पण आम्हा तिघांच्या पोटात ते कार्ड होतं. एकमेकांना न भेटण्याचा नियम मोडलाच होता, पण आम्ही त्यांच्या डोळ्याचं कोडं केलं हे त्यांना कळलं तर? मी चोरून किराणावाल्याला फोन केला. नाशिकहून एक कार्ड आलं असेल, बारीक अक्षरातलं, ते जरा फाडून टाकाल का?

“काकांचं टपाल मी फाडू व्हय?” तो म्हणाला. “नाय बा. मी जपून ठेवलंय समदं.”

डॉक्टरांनी चष्मा दिला, आता वाचा म्हणाले, आणि टीसींना नांदगावला पोचवायला मी निघाले. नाशिकरोडहून गाडीत मी मनात सगळं ठरवून ठेवलं होतं. घर झाडायच्या निमित्ताने आधी आत शिरायचं, टपाल काखेत मारायचं, चुलीत घालायचं. मनमाड गेलं तोवर माझी योजना इतकी पक्की झाली होती की मी किल्लेसुद्धा जिंकले असते.

नांदगावला रिक्षातून आम्ही खाली पाय ठेवतोय तोच किराणावाला दुकानातून धावत आला. “आलात का काका? डोळा लय झ्याक दिसतोय,” असं म्हणून त्याने सुतळीने बांधलेला गठ्ठा थेट टीसींच्या हातात दिला. वर, सगळ्यांच्या वर, आमचं कार्ड.

ओट्यावर बसून टीसींनी चष्मा लावला. मी पिशवी हातात घेऊन उभीच. त्यांनी आधी शिक्का बघितला.

“सोमवारचा आहे,” ते म्हणाले. “बस उशिरा मिळाली म्हणाला होतात.”

जन्मभर बिनतिकिटाच्या प्रवाशांची कारणं ऐकलेल्या माणसासमोर काय बोलणार. ते वाचायला लागले, मोठ्याने. मुद्दा पहिला: एकडोळ्या, अर्थात द्वारपाल. मुद्दा दुसरा: मंगळवार तिकडे नाही. पहिल्या तीन मुद्द्यांपर्यंत मला ओटा दुभंगून आत घेईल तर बरं असं वाटत होतं. किराणावालाही उभा राहून ऐकत होता. चौथा मुद्दा: ओळी चढावर, नद्या. टीसी थांबले, माझ्याकडे बघितलं, आणि पुढे वाचू लागले. पाचवा. सहावा.

आणि सातव्याला कुठेतरी माझ्या ध्यानात आलं की मी काय ऐकत्येय. बाईंचं अक्षर मला स्वत:ला खिडकीशी जाऊन वाचावं लागतं. दोन ओळींत दोऱ्याएवढी जागा नव्हती. आणि हा माणूस उतरत्या उन्हात ओट्यावर बसून ते घडाघडा वाचत होता, न अडखळता, कार्ड डोळ्यांपासून चांगलं हातभर लांब धरून. वाचा, मी मनात म्हटलं, सगळं वाचा, शेवटपर्यंत वाचा, हवं तर दोनदा वाचा. माझ्या मूर्खपणाचं मला इतकं कौतुक त्याआधी कधी वाटलं नव्हतं आणि नंतर कितीही संधी आल्या तरी वाटलं नाही.

अकरावा मुद्दा संपला. द्वारपालाने आपला उरलेला डोळा नावाड्याला दिला. टीसींनी कार्ड मांडीवर ठेवलं.

“असं मी लिहिलं नव्हतं,” ते म्हणाले. “पण चांगलं आहे. याला जुळेल असं कोडं आता मला करायला पाहिजे.” मग हात पुढे केला. पंच महिनाभर माझ्याच पर्समध्ये होता. मी दिला. त्यांनी कार्डाचा कोपरा धरला आणि दाबलं. खट्.

“दंड पडेल,” ते म्हणाले. “तिघांचं मिळून, दोन कोडी. आठ दिवसांत.”

“पाठवते.”

“आणि बाईंना सांगा, नववी ओळ जरा चढावर गेलीय.”

मी कार्ड घेऊन बघितलं. मला काही दिसलं नाही. ओट्याच्या कडेला जाऊन उन्हात धरलं, डोळे बारीक केले, तेव्हा कुठे कळलं. नववी ओळ खरंच शेवटी केसभर वर गेली होती.